पिल्लू सोडायची घाई नको : होमर कबुतरं पाळणाऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी जेवढे प्रश्न आलेत त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, पिल्लू सोडलं आणि ते आलंच नाही. वाचताना जीव कसानुसा होतो, कारण आईबापानं आणि आपण मिळून महिना-दीड महिना वाढवलेलं पाखरू असतं ते, आणि एका संध्याकाळी डोळ्यांसमोर जातं. म्हणून जोड्या, रंग, लक्का वगैरेचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त होमरची, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणाऱ्या कबुतरांची, पिल्लं आणि त्यांचं ढाबळीत, म्हणजे आपल्या खुराड्यात, परत येणं.

प्रश्न : काका नमस्कार. मी गावातल्याच मित्राकडून होमरची दोन पाखरं घेतली, अडीच महिन्यांची होती. 15 दिवस पिंजऱ्यात ठेवली, दाणापाणी चांगलं केलं, हातावर पण यायला लागली होती. मग सोडली तर दोन्ही वर गेली, एक चक्कर मारली आणि सरळ मित्राच्या छतावर जाऊन बसली. दुसऱ्यांदा आणून परत 15 दिवस ठेवली, परत तेच. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दाणापाणी नाही चुकलं, वय चुकलं. तुमची पाखरं हरवली नाहीत हो, ती घरी गेली, फक्त ते घर तुमचं नव्हतं. अडीच महिन्यांचं पाखरू म्हणजे मित्राच्या छतावरून महिनाभर तरी उडालेलं, त्याच्या डोक्यात ती गच्ची, ती पाण्याची टाकी, तिथला वारा सगळं पक्कं बसलेलं असतं, आणि मग तुम्ही 15 दिवस ठेवा नाहीतर 6 महिने, उघडं आभाळ दिसलं की बहुतेक पाखरं जुन्याच घराकडे तोंड करतात. होमर म्हणून ज्याचं कौतुक करतो तो गुण हाच आहे, त्याचा राग नाही धरायचा.

घ्यायचं तर 25 ते 30 दिवसांचं पिल्लू घ्या. नुकतं स्वतःचं स्वतः दाणे टिपायला लागलेलं, पण अजून चूंचूं करणारं, डोक्यावर पिवळ्या केसांचे दोनचार धागे राहिलेले, पंख उचलून बघितलं तर खालच्या बाजूला पिसं अजून पूर्ण भरलेली नाहीत, डोळा काळपट आणि चोचीवरचं नाक गुलाबीच, पांढरं झालेलं नाही. असं पिल्लू एकदाही हवेत गेलेलं नसतं, त्यामुळे ते जिथं पहिल्यांदा आभाळ बघेल ते त्याचं घर. विकणारा म्हणेल महिन्याचंच आहे, त्याच्या बोलण्यापेक्षा पिल्लाच्या अंगाकडे बघा.

आणि ती दोन पाखरं आता परत सोडू नका, नर-मादी निघाली तर जोडीला ठेवा. त्यांची अंडी 17-18 दिवसांत फुटतील, नर-मादी दोघंही आपल्या गळ्यातलं दूध पाजतील, सहा-सात दिवसांच्या पिल्लाच्या पायात तुम्ही रिंग घालाल, आणि ती पिल्लं तुमच्या घरची असतील. थोडं थांबावं लागेल एवढंच.

प्रश्न : माझ्याकडे घरचीच 8 पिल्लं आहेत, सगळ्यात मोठं 34 दिवसांचं. पहिल्यांदा बाहेर काढायचं नेमकं कसं, कुठल्या वेळेला, किती दिवसांनी, सगळं सविस्तर सांगा. मागच्या वर्षी 10 पैकी 6 गेली, त्यामुळे यंदा हात धजत नाही.
– एक वाचक, कराड

उत्तर : हात धजत नाही हे चांगलं लक्षण आहे, मागच्या वर्षी कदाचित जास्तच धजला असेल. मी इतकी वर्षं बघतोय, बहुतेक लोकांची पिल्लं लांबच्या टॉसला, म्हणजे टोपलीतून लांब नेऊन सोडताना, हरवत नाहीत, पहिल्या आठवड्यातच छतावरून जातात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच, पिल्लाला ताकद आली पण घर कळलं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा की घर आधी कळलं पाहिजे, ताकद नंतर आली पाहिजे. पिल्लू 30 दिवसांचं झालं की ढाबळीच्या दारासमोर किंवा वर, जिथं पाखरं उतरतात त्या फळीवर, जाळीचा एक पिंजरा बसवा, चारी बाजूंनी आणि वरून उघडं दिसेल असा. त्याचं एक तोंड ढाबळीच्या ट्रॅपला जोडलेलं पाहिजे. ट्रॅप म्हणजे सळ्यांचं ते दार, बाहेरून ढकललं की पाखरू आत येतं पण आतून बाहेर जाता येत नाही. पिल्लं रोज सकाळ-संध्याकाळ तासभर या पिंजऱ्यात बसवायची, नुसती बसू द्यायची, ती काय करतात बघा, मान वाकडी करून वर बघतात, शेजारच्या नारळाकडे बघतात, लांबून जाणाऱ्या घारीकडे बघतात. आपल्याला वाटतं वेळ वाया चाललाय, पण त्यांचा अभ्यास तोच आहे. मग शिट्टी वाजवायची किंवा डब्यात दाणे खुळखुळवायचे आणि पिल्लांनी स्वतः ट्रॅप ढकलून आत जाऊन खायचं. पहिले दोन दिवस एकेकाला हातानं ट्रॅपमधून ढकलावं लागतं, मग एकाचं बघून दुसरं शिकतं. आवाज एकच ठेवा, आज शिट्टी उद्या टाळ्या असं नको, आणि घरात दाणा कुणीही घालो, बायको, मुलगा, आई, आवाज तोच.

असं 7-8 दिवस झालं, सगळी पिल्लं शिट्टीला पळत आत यायला लागली, तरच पुढची पायरी. त्या दिवशी सकाळी नेहमीच्या निम्मा दाणा, दुपारी काही नाही. मोठं पाखरू दिवसाला साधारण 30 ग्रॅम खातं, त्यावरून तुमचा हिशोब धरा. उपाशी मारायचं नाहीये, भूक फक्त लागलेली पाहिजे. सूर्य मावळायच्या तासभर आधी, वारा पडलेला असताना, पिंजरा उचलून बाजूला ठेवा आणि तुम्ही लांब जाऊन खाली बसा. पिल्लांना स्वतः चालत बाहेर येऊ द्या. कुणी फळीवरच बसेल, कुणी पत्र्यावर उडी मारेल, एखादं धडपडत शेजारच्या गच्चीवर जाईल, जाऊ दे, त्याच्या मागे पळू नका. 20 मिनिटांनी शिट्टी, दाणा, आत, झालं, पहिला दिवस संपला.

हातात घेऊन वर फेकायचं नाही, हे परत परत सांगतो. काठीला फडकं बांधून उठवायचं नाही. मोठ्या पाखरांच्या थव्याबरोबर पहिल्या दिवशी सोडायचं नाही, ती एकदम वर जातात, पिल्लू त्यांच्या मागे जातं, मोठी अर्ध्या तासानं येतात आणि पिल्लू तिसऱ्या गावाला. गल्लीत लग्न असेल, फटाके असतील, डीजे असेल तर त्या दिवशी सुट्टी. शेजारच्यांच्या कुत्र्याकडेही लक्ष ठेवा, मांजराचं तर सांगायलाच नको. पिल्लू घाबरून उडालं की कुठं चाललंय ते बघतच नाही, नुसतं लांब जातं, आणि तेच हरवतं.

तुमचं मोठं पिल्लू 34 दिवसांचं आहे म्हणजे अगदी वेळेवर विचारलंत, आज पिंजरा बसवा. जी पिल्लं 45-50 दिवसांची होऊन गेलीत आणि अजून बाहेरच काढली नाहीत त्यांचं काम जास्त अवघड असतं, कारण त्यांच्या पंखात जोर आलेला असतो आणि पहिल्याच फडफडीत ती 100 फूट वर जातात. तसं कुणाचं झालं असेल तर पिंजऱ्यातले दिवस वाढवा, 15 करा, आणि अंधार पडायच्या जरा आधीच सोडा.

प्रश्न : आमच्याकडे येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगांनी आभाळ भरलेलं असतं. माझी पिल्लं बरोबर जानेवारीतच उडायला येतात. शिवाय थंडीत ससाणा पण येतो. काय करावं?
– एक वाचक, येवला

उत्तर : संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून 10-12 दिवस ढाबळ बंद, यात काही विचार करायचा नाही. पतंग उतरले तरी मांजा झाडांवर, वायरींवर लोंबकळत राहतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 सालीच बंदी घातली तरी तो विकला जातो आणि तो तुटत नाही, पाखराचा पंख तुटतो. माझ्या एका मादीचा पंख खांद्यापासून चिरला होता, जगली ती, पण परत उडाली नाही. बंद काळात जाळीच्या पिंजऱ्यातली बैठक मात्र रोज चालू ठेवा, म्हणजे सवय मोडत नाही. आणि जमत असेल तर जोड्या जरा उशिरा लावा, म्हणजे पिल्लं फेब्रुवारीत उडायला येतील. फार उशीरही नको, मे महिन्याच्या उन्हात पिल्लं शिकवणं हा पण छळच आहे.

ससाण्याचं म्हणाल तर बहिरी ससाणा थंडीत पाहुणा येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जातो, शिक्रा बारा महिने आपल्याच झाडावर असतो. दोघांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, गलोल, फासे असलं काही करू नका, आणि कायदा नसता तरी करू नये असं मला मनापासून वाटतं. सोडायची वेळ रोज थोडी बदला, कारण शिक्रा तुमची वेळ पाठ करतो. एकटं-दुकटं पिल्लू सोडण्यापेक्षा 8-10 चा थवा बरा. आणि भुकेलं म्हणजे अशक्त पाखरू नव्हे, अशक्त पाखरू थव्यात मागे पडतं आणि तेच उचललं जातं.

प्रश्न : पिल्लं छतावर मस्त उडतायत, 10-15 मिनिटं गोल फिरून उतरतात. आता टोपलीतून लांब न्यायचं कधी? मित्र म्हणतो डायरेक्ट 20 किलोमीटरला सोड, येतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : 10-15 मिनिटं गोल फिरणं म्हणजे अजून अंगणात खेळणं चाललंय. थांबा थोडं. एक दिवस असा येईल की थवा वर जाईल, एका दिशेला निघेल आणि दिसेनासा होईल, तुमच्या पोटात गोळा येईल, आणि अर्ध्या-पाऊण तासानं भलत्याच बाजूनं पाखरं खाली येतील. असं पाखरं स्वतःहून लांब जाऊन यायला लागली, रोज नाही पण आठवड्यातून 3-4 वेळा, की मग टोपली काढा. साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं वय होतं तेव्हा, पण वयापेक्षा त्यांचं उडणं बघा.

टोपलीची सवय घरातच लावायची. एक-दोन रात्री टोपलीत ठेवा, खाली भुसा किंवा कागद, बाहेरून पाण्याचं भांडं लावा म्हणजे टोपलीतून पाणी प्यायला शिकतील. न शिकलेलं पाखरू प्रवासात तहानलेलं राहतं आणि तहानलेलं पाखरू सोडलं की घराऐवजी पहिल्या तळ्यावर उतरतं. सकाळी टोपली अंगणात नेऊन तिथूनच सोडा, म्हणजे टोपली उघडली की घरी जायचं हे डोक्यात बसेल.

मग 3-4 किलोमीटर, आणि पहिले तीन-चार टॉस मी वेगवेगळ्या दिशांनी करतो, एकदा कुपवाडकडून, एकदा हरिपूरकडून असं. काहीजण पहिल्यापासून एकच लाइन, म्हणजे सोडायची एकच दिशा, धरतात, त्यांचंही जमतं, पण मला वाटतं घराभोवतीचं सगळं माहीत असलेलं पाखरू वाऱ्यानं बाजूला गेलं तरी सावरतं. त्यानंतर लाइन. तुम्ही सांगलीचेच आहात म्हणून माझी लाइन सांगतो, उत्तरेला पुणे रोडची आहे, सरळ रेषेत धरलं तर आष्टा 20 किलोमीटर, पेठ नाका 40-45, कराड 65, सातारा 110 आणि पुणे 200. म्हणजे तुमचा मित्र म्हणतो ते 20 किलोमीटर चूक नाही, पण ते पाचव्या-सहाव्या टॉसला. एका ठिकाणाहून पाखरं पटकन यायला लागेपर्यंत तिथूनच परत सोडा, अंतर वाढवायची हौस आवरा. आष्ट्याहून पहिल्यांदा दीड तास लावतील, तिसऱ्यांदा 25 मिनिटांत येतील, मग पुढे.

सोडायच्या दिवशी सकाळी दाणा नाही, पाणी पोटभर. गाडीवरून नेलं की लगेच दार उघडू नका, टोपली सावलीत ठेवा, अर्धा तास त्यांना आभाळ बघू द्या. सूर्य दिसला पाहिजे, धुकं असेल तर थांबा, कृष्णाकाठी थंडीत 9 वाजेपर्यंत धुकं हलत नाही कधीकधी, तर 9 वाजता सोडा, काही बिघडत नाही. विजेच्या तारांपासून लांब मोकळं माळरान बघा. आणि घरी कुणीतरी असलं पाहिजे, वही-पेन घेऊन, कोण किती वाजता आलं ते रिंग नंबरसकट लिहायला. दोन महिन्यांनी त्या वहीतूनच कळतं कुठलं पाखरू पहिलं येतं आणि कुठलं नुसतं दुसऱ्याच्या मागे येतं. 40 किलोमीटरच्या पुढे मी काही टॉस एकेकट्याचे करतो, पाच-पाच मिनिटांनी एक सोडायचं, म्हणजे ज्याचं त्याला डोकं चालवावं लागतं.

कोकणातून वर घाटाला पाखरं आणायचा प्रयोग पिल्लांवर करू नका एवढं मात्र ऐका. सह्याद्रीची भिंत, ढग, वारा, अनुभवी पाखरांची सुद्धा कसोटी लागते.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. माझ्या आजोबांकडे कबुतरं आहेत. मला हे कळत नाही की टोपलीत बंद करून नेलं, रस्ता दिसला नाही, तरी पाखराला घर कुठल्या दिशेला आहे हे कळतं कसं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बाळा, फार छान प्रश्न विचारलास, आणि यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे, त्यामुळे तुला पुढे यात काम करायला जागा आहे.

दोन गोष्टी वेगळ्या धर. एक म्हणजे नकाशा, मी घरापासून कुठं आहे, आणि दुसरी म्हणजे होकायंत्र, ती दिशा कुठली. होकायंत्राचं बरंच कळलंय. जर्मनीत गुस्ताव क्रेमर यांनी 1950 च्या सुमारास दाखवलं की पक्षी सूर्यावरून दिशा ओळखतात, आणि सूर्य दिवसभर सरकतो म्हणून त्यांच्या शरीरातलं घड्याळ त्याचा हिशोब धरतं. याचा पुरावा फार सुंदर आहे, कबुतरांना खोलीत ठेवून दिव्यांनी त्यांचा दिवस 6 तास पुढे-मागे केला आणि मग उन्हात सोडलं, तर ती साधारण 90 अंश चुकीच्या दिशेला निघाली! मग ढगाळ दिवशी काय? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्यम कीटन यांनी कबुतरांच्या पाठीवर छोटे लोहचुंबक लावले, 1971 मध्ये त्यांनी दाखवलं की ऊन असताना चुंबकवाली पाखरं व्यवस्थित निघतात पण ढगाळ दिवशी गोंधळतात, आणि चुंबकाऐवजी पितळेचा तुकडा लावलेली गोंधळत नाहीत. म्हणजे सूर्य नसेल तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व कामाला येतं.

नकाशाचं कोडं जास्त अवघड. इटलीत पिसा इथं फ्लोरियानो पापी यांनी 1972 मध्ये मांडलं की तो नकाशा वासाचा आहे. पिल्लू ढाबळीत बसून रोज वारा हुंगतं, या बाजूचा वारा आला की हा वास, त्या बाजूचा आला की तो वास, आणि पुढे परक्या जागी सोडलं की तिथल्या वासावरून आपण घराच्या कुठल्या बाजूला आहोत ते लावतं. वारा लागू न देता आडोशात वाढवलेल्या पाखरांना घराची दिशा लावता आली नाही असंही प्रयोगांत दिसलंय. आणि ओळखीच्या भागात तर डोळे आहेतच, ऑक्सफर्डच्या टिम गिल्फर्ड यांच्या गटानं पाखरांच्या पाठीवर जीपीएस लावून बघितलं तर सरावलेली पाखरं चक्क मोठ्या रस्त्यांवरून उडत होती, वळण येईल तिथं वळत होती.

आजोबांना एक विचार, ढाबळ चारी बाजूंनी पत्र्यानं बंद आहे का? असेल तर दोन बाजूंना जाळी लावायला सांग. पावसाची झड लागणार नाही अशी, पण वारा खेळता. आपली जुनी माणसं हवेशीर ढाबळ पाहिजे म्हणायची ती दमट हवेनं आजार होतात म्हणून, पण मला पापींचं काम वाचल्यापासून वाटतं की जाळीतून येणारा तो वारा पिल्लाचं पहिलं पुस्तकच आहे.

प्रश्न : टॉस सुरू करायच्या आधी कुठलं औषध, कुठली लस? दुकानदार पाच-सहा पुड्या देतो.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुड्या आधी बाजूला ठेवा. निरोगी पिल्लाला दर आठवड्याला अँटिबायोटिक देणं हे नुकसान आहे, पाखराचंही आणि खिशाचंही. लस मात्र पाहिजे, मुख्य म्हणजे पीएमव्हीची (पॅरामिक्सो विषाणूचा आजार), ज्यात पाखराची मान पिळवटते, चक्कर येते, पातळ पाणीदार विष्ठा होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारा, डोस आणि वय तेच ठरवतील, आणि लस टॉस सुरू व्हायच्या निदान 3 आठवडे आधी होऊ दे. कबुतरांची देवी हा रोग डासांमुळे पसरतो, चोचीभोवती आणि डोळ्याभोवती फोड येतात, तुमच्याकडे डास असतील तर त्याचंही विचारा. टॉसच्या आधी प्रत्येक पिल्लाचं तोंड उघडून बघा, घशात पिवळट दह्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो कँकर, ते पाखरू बरं होईपर्यंत टोपलीत जाणार नाही. विष्ठा घट्ट, वर पांढरी टोपी, शेजारी एखादं मऊ पीस पडलेलं, असं सकाळी दिसलं की मी निर्धास्त असतो.

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीत 6 होमर ठेवायचे आहेत. सोसायटीवाले कबुतर म्हटलं की अंगावर येतात, त्यात दादरचा कबुतरखाना बंद झाल्यापासून तर जास्तच. त्यांना कसं समजवायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मी त्यांच्या बाजूनं बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. रस्त्यावरचे पारवे वेगळे आणि आपले लस दिलेले, मोजून दाणा खाणारे होमर वेगळे हे खरं, पण पिसांची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ दोघांचीही सारखीच. त्या धुळीनं काही माणसांच्या फुप्फुसाला सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर फुप्फुस कायमचं बिघडतं. बाल्कनीतून ती धूळ तुमच्या बेडरूममध्ये आणि खालच्या आजींच्या खिडकीत जाणार. बाल्कनीत नकोच. गावाकडे घर असेल, स्वतंत्र गच्ची असेल तर ठेवा, आणि तिथंही साफ करताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडून मग खरवडा. कोरडा खोकला राहिला, जिना चढताना दम लागायला लागला तर डॉक्टरांना कबुतरं पाळतो हे आधी सांगा, पुष्कळजण सांगतच नाहीत.

प्रश्न : नागपूरच्या बाहेर पहाटे एका ट्रकमधून शेकडो कबुतरं एकदम सोडताना बघितली. ड्रायव्हर म्हणाला चेन्नईला चाललीत. खरंच जातात का? आणि पहिलं कोण आलं हे ठरवतात कसं, प्रत्येकाचं घर तर वेगळ्या ठिकाणी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : खरंच जातात. चेन्नईत होमरच्या शर्यतींचे जुने क्लब आहेत आणि त्यांची लाइन उत्तरेला, आंध्र-तेलंगणातून आपल्या बल्लारशा-नागपूरपर्यंत येते. नागपूर-चेन्नई सरळ रेषेत 900 किलोमीटरच्या आसपास, हे पिल्लांचं काम नाही, दोन-तीन वर्षं टप्प्याटप्प्यानं तयार केलेली पाखरं असतात ती, आणि तरी सगळी पोचत नाहीत हे मान्य केलं पाहिजे.

निकाल वेळेवर नाही, वेगावर लागतो. प्रत्येक ढाबळीचं सोडल्या जागेपासूनचं अंतर मोजलेलं असतं, पाखरू पोचल्याची वेळ पायातल्या चिपवरून किंवा रबरी रिंग घड्याळात टाकून नोंदतात, आणि अंतराला वेळेनं भागून मिनिटाला किती मीटर ते काढतात. 300 किलोमीटर 5 तासांत आलं तर मिनिटाला 1000 मीटर. वारा पाठीशी असेल तर तासाला 100 किलोमीटरच्या वर सुद्धा जातात, समोरून असेल तर निम्म्यावर येतात.

तुम्ही ओडिशाचं ऐकलंय का? तिथल्या पोलिसांकडे 1946 पासून कबुतरांची टपाल सेवा होती, लष्कराकडून मिळालेल्या पाखरांवर सुरू झालेली. 1948 मध्ये पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप पाठवला तो अशाच कबुतराबरोबर. पूर आला, वायरलेस बंद पडलं की हीच पाखरं कामाला यायची. तेव्हा ड्रायव्हरनं तुम्हाला थाप मारली नव्हती.

प्रश्न : 40 किलोमीटरवरून 7 पिल्लं सोडली. 4 आली, 1 तिसऱ्या दिवशी आलं, हाडं लागतायत हाताला. 2 अजून नाहीत, आज 6 दिवस झाले. आलेल्याचं काय करू, आणि न आलेल्यांची किती दिवस वाट बघायची?
– एक वाचक, मालेगाव

उत्तर : आलेल्याला आधी पाणी. थोडी साखर आणि चिमूटभर मीठ घालून द्या किंवा ओआरएस, एकदम भरपूर पिऊ देऊ नका, थोड्या थोड्या वेळानं. दाणा पहिल्या दिवशी हलका, ज्वारी-तांदूळ, मूठभर नाही, चमचाभर, हरभरा-मका दोन दिवसांनी. पंखाखाली, छातीच्या हाडावर, शेपटीखाली बघा, नखाची जखम किंवा तारेचा मार असेल तर दवाखाना. मग 8-10 दिवस नुसता आराम, आणि पुन्हा सुरुवात 5 किलोमीटरपासून, 40 पासून नाही. त्याला रद्दी समजू नका. थवा चुकला तरी उपाशीपोटी तीन दिवस शोधत घरी आलेलं पाखरू आहे ते, माझ्याकडची दोन उत्तम पाखरं पिल्लूपणी अशीच उशिरा आलेली.

आणि वही काढून बघा, त्या दिवशी हवा कशी होती, 20 वरून किती वेळा सोडली होती, 40 ला उडी घेतली की 30 केलं होतं? तुम्ही लिहिलं नाहीये, पण 7 पैकी 3 चुकली म्हणजे बहुतेक मधली एखादी पायरी राहिली असावी.

न आलेली दोन कुणाच्या तरी छतावर उतरलीही असतील. म्हणून सगळ्यांनाच एक विनंती करतो. तुमच्या छतावर रिंगवालं परकं पाखरू थकून उतरलं तर पाणी द्या, दाणा द्या, रात्रभर ठेवा आणि सकाळी सोडा, रिंगवर नंबर असेल तर मालकाला कळवा. पर कापू नका. माझी एक निळी मादी 4 महिन्यांनी चालत आली होती, खरंच चालत, कुणीतरी दोन्ही पंखांचे पर कापून ठेवली होती आणि तिथून कशी सुटली माहीत नाही, गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत नाल्याच्या कडेकडेनं येताना शेजारच्या पोरानं बघितली. तिचे पाय सोलवटले होते. ज्यानं पर कापले त्याला एका पाखराचा मोह झाला असेल, पण मी तिला उचलली तेव्हा ती हातात थरथरत होती ते अजून विसरलेलो नाही.

वाट बघायचे दिवस असे मोजून सांगता येत नाहीत. पहिले 10 दिवस रोज त्याच वेळेला शिट्टी वाजवा, बाकीची पाखरं उडवा, वर फिरणारा थवा लांबून दिसतो आणि चुकलेलं पाखरू त्याच्याकडे वळतं. रात्री मांजराचा बंदोबस्त करून ट्रॅपच्या बाहेर फळीवर पाण्याचं भांडं भरून ठेवा. त्यांच्या बसायच्या जागा महिनाभर दुसऱ्या पाखराला देऊ नका, आलं तर त्याला आपली जागा सापडली पाहिजे. आणि दोघांतलं एक जरी आलं तरी मला कळवा, रिंग नंबरसकट.